सायकलवरचा सरासरी वेग: लांब पल्ल्याच्या वेळेचा अंदाज कसा बांधावा

लांब पल्ल्याची सायकल नव्याने चालवू लागलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: माझा सरासरी वेग किती असायला हवा? या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात आणि त्या उत्तराने नवख्याचे नुकसानच होते. ताशी २२ किमी हा आकडा सपाट रस्त्यावर, शांत हवेत, एक तास चालवलेल्या सायकलीचा आहे, की चढउताराच्या १०० किमी रस्त्यावर थांब्यांसह मिळालेला आहे, हे कळल्याखेरीज त्याला काहीच अर्थ नसतो. नवख्याला खरी गरज असते ती किती वाजता निघाले म्हणजे किती वाजता पोहोचू, हे सांगता येण्याची. सरासरी वेग हे त्या हिशोबाचे साधन आहे. तो हिशोब स्वतःपुरता कसा मांडावा, हे पुढे क्रमाने दिले आहे.

सुरुवात करण्यापूर्वी काय हवे

- अंतर आणि वेळ नोंदवणारे कोणतेही एक साधन: चाकावरचा सायकल कॉम्प्युटर, जीपीएस उपकरण किंवा फोनवरील ॲप
- साधे घड्याळ (हे का लागते ते पहिल्याच पायरीत येईल)
- खडू आणि मोजपट्टी
- दाबमापक असलेला हवेचा पंप
- जायच्या रस्त्याचा नकाशा, ज्यात एकूण चढ मीटरमध्ये दिसेल
- एक वही

१. कोणता वेग मोजतो आहोत, हे आधी ठरवा

सरासरी वेग दोन प्रकारचे असतात. चाके फिरत होती तेवढ्याच वेळेने अंतराला भागले की ‘चालता वेग’ मिळतो. निघाल्यापासून पोहोचेपर्यंतच्या सगळ्या वेळेने भागले की ‘एकूण वेग’ मिळतो. बहुतेक ॲप आणि उपकरणे सायकल थांबताच आपली घड्याळेही थांबवतात आणि शेवटी चालता वेगच ठळकपणे दाखवतात. समजा, १०० किमी तुम्ही ताशी २२ किमीच्या चालत्या वेगाने केलेत आणि वाटेत सगळे मिळून ५० मिनिटे थांबलात. चालवण्याचा वेळ सुमारे ४ तास ३३ मिनिटे, एकूण वेळ ५ तास २३ मिनिटे आणि एकूण वेग ताशी १८.६ किमी. पोहोचण्याची वेळ काढताना हा दुसरा आकडाच कामाचा असतो. म्हणून निघतानाची आणि पोहोचल्याची वेळ साध्या घड्याळात पाहून वहीत लिहावी.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे दुसऱ्याने सांगितलेल्या चालत्या वेगाची आपल्या एकूण वेगाशी तुलना करून खचून जाणे. कोणी आपला वेग सांगितला, तर तो कोणता, हे विचारल्याशिवाय तो मनावर घेऊ नये.

२. साधन खरे सांगते आहे का, ते तपासा

चाकावरचा सायकल कॉम्प्युटर फेऱ्या मोजतो आणि तुम्ही दिलेल्या चाकाच्या घेराने त्यांना गुणतो. घेर चुकला की अंतर आणि वेग दोन्ही चुकतात. ७०० × २३ मापाच्या टायरचा घेर सुमारे २,०९५ मिलिमीटर आणि ७०० × २८ चा सुमारे २,१३० मिलिमीटर धरला जातो. टायर बदलून जुनाच आकडा ठेवला, तर १०० किमीमागे दीड ते दोन किमीचा फरक पडतो.

घेर मोजण्याची रीत सोपी आहे. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरा. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली, जमिनीलगत येईल असे चाक फिरवा आणि त्याच्या रेषेत जमिनीवर खडूने खूण करा. मग सीटवर बसून, कोणाला तरी तोल सावरायला सांगून, सायकल सरळ रेषेत पुढे न्या आणि व्हॉल्व्ह पाचव्यांदा खाली येईल तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून ५ ने भागा. सीटवर बसणे महत्त्वाचे आहे, कारण आपल्या वजनाने टायर दबतो आणि घेर थोडा कमी होतो. हातात धरून ढकललेल्या सायकलीचे माप किंचित जास्त येते.

जीपीएसला घेराची गरज नसते, पण दाट झाडी, बोगदे आणि उंच इमारतींच्या रांगांमध्ये त्याची वाट भरकटते. चढाची उंची तर वेगवेगळी साधने वेगवेगळी दाखवतात, त्यामुळे तो आकडा नेहमी अंदाज म्हणूनच घ्यावा.

३. स्वतःचा पायाभूत वेग काढा

वारा फारसा नसलेल्या दिवशी, शक्यतो सपाट आणि कमी सिग्नलच्या रस्त्यावर, २० ते ३० किमी अशा जोराने चालवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. धाप लागून वाक्य मध्येच तुटत असेल, तर जोर जास्त आहे. जाताना आणि येताना एकच रस्ता घ्या. या फेरीचा चालता वेग हा तुमचा पायाभूत वेग. असे दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करून मधला आकडा धरावा; सर्वांत चांगल्या दिवसाचा आकडा धरण्याचा मोह टाळावा.

तुलनेसाठी ढोबळ कक्षा सांगता येतात. नव्याने सुरुवात केलेल्यांचा चालता वेग सपाट रस्त्यावर बहुधा ताशी १५ ते २० किमी असतो. काही महिने नियमित चालवल्यावर तो २० ते २५ वर येतो. रोड सायकलवर वर्षानुवर्षे सराव करणारे एकट्याने २५ ते ३० राखतात. सामान लादलेल्या प्रवासी सायकलीवर १२ ते १८ अगदी रास्त आहे, कच्च्या वाटेवर एमटीबीसाठी (जाड टायरच्या डोंगरी सायकलीसाठी) १० ते १५ही चांगला म्हणावा आणि सिग्नलांच्या शहरात तर दमदार सायकलस्वारही १५ च्या आसपासच राहतो. वय, सराव, सायकलीचा प्रकार आणि रस्ता यांनी या कक्षा सहज सरकतात. आपण त्यांच्यात नेमके कुठे बसतो याची चिंता करण्यापेक्षा आपला आकडा खरा आहे ना, हे पाहणे जास्त महत्त्वाचे आहे.

४. वेगांची सरासरी काढू नका, तासांची बेरीज करा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. समजा, १० किमीचा चढ तुम्ही ताशी १० किमीने चढलात आणि तोच १० किमीचा उतार ताशी ४० किमीने उतरलात. १० आणि ४० यांची सरासरी २५, असे मन पटकन सांगते. प्रत्यक्षात चढायला ६० मिनिटे लागली, उतरायला १५. म्हणजे २० किमीला ७५ मिनिटे आणि सरासरी वेग ताशी १६ किमी. उतारावर तुम्ही जीव धोक्यात घालून ५० ने आलात असे धरले, तरी वाचतील फक्त ३ मिनिटे आणि सरासरी जेमतेम १६.७ होईल. उलट चढावर वेग १० ऐवजी ११ झाला, तर साडेपाच मिनिटे वाचतात.

कारण उघड आहे: आपण हळू भागात जास्त वेळ असतो, म्हणून सरासरीवर त्या भागाचे वजन जास्त पडते. वाऱ्याचेही तसेच. ३० किमी समोरच्या वाऱ्यात १८ ने गेलात आणि पाठच्या वाऱ्याने २८ ने परत आलात, तर सरासरी २३ होत नाही, २१.९ होते. जाताना गेलेला वेळ येताना पूर्ण भरून निघत नाही. ‘परतीला वारा पाठीशी आहे, तेव्हा भरून काढू’ असे म्हणून उशिरा निघणे हा म्हणूनच खोटा दिलासा आहे.

व्यवहारात यावरून एकच सवय लावून घ्यायची. रस्त्याचे सपाट, चढाचे, उताराचे, खराब असे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला किती मिनिटे लागतील ते लिहायचे आणि शेवटी मिनिटांची बेरीज करायची.

५. हवेचा विरोध समजून घ्या

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याच्याशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, चांगला डांबरी सपाट रस्ता, शांत हवा आणि बऱ्यापैकी ताठ बसणे असे धरून हिशोब केला, तर ताशी २० किमीला सुमारे ७० वॅट लागतात, २५ ला सुमारे ११५ आणि ३० ला सुमारे १८०. वेग दीडपट करायला शक्ती अडीचपटीहून जास्त लागते. आता त्याबदल्यात काय मिळते ते पाहा. १० किमीला २० च्या वेगाने ३० मिनिटे लागतात, २५ ने २४ आणि ३० ने २०. पहिल्या वाढीला ४५ वॅट मोजून ६ मिनिटे मिळाली. दुसरीला ६५ वॅट मोजून चारच. वेग जितका जास्त, तितके पुढचे प्रत्येक मिनिट महाग.

समोरचा वारा याच हिशोबात भर घालतो. ताशी १० किमीचा समोरचा वारा, म्हणजे झाडाची पाने हलवणारी साधी झुळूक, असताना २० चा वेग राखायला जवळजवळ १२० वॅट लागतात. शांत हवेत तेवढ्या शक्तीत तुम्ही २५ ने गेला असता. म्हणून वाऱ्यात वेगाच्या आकड्याकडे पाहू नये. श्वास आणि पाय यांच्याकडे लक्ष ठेवून जोर तोच ठेवावा आणि वेग पडेल तेवढा पडू द्यावा. वाऱ्याशी इरेला पेटून आकडा टिकवणारा सायकलस्वार पुढच्या तासात त्याची किंमत मोजतो.

हवेचे महत्त्व तासाच्या विश्वविक्रमात, म्हणजे एका तासात ट्रॅकवर जास्तीत जास्त किती अंतर जाता येते या कसोटीत, स्पष्ट दिसते. बेल्जियमचे सायकलपटू एडी मर्क्स यांनी १९७२ मध्ये त्यासाठी समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच असलेले मेक्सिको सिटी निवडले, कारण तिथली हवा विरळ आहे. तिथे त्यांनी ४९.४३१ किमी अंतर कापले. इटलीचे फिलिपो गान्ना यांनी २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्रेंचेनच्या बंदिस्त ट्रॅकवर ५६.७९२ किमी नोंदवले. या दोन आकड्यांमधल्या अंतरात सायकल, कपडे आणि हवा कापण्यासाठीची बसण्याची ठेवण यांचा मोठा वाटा आहे.

आपल्याला त्यातून घेण्यासारखे तेवढेच: कोपर थोडे वाकवून, खांदे सैल सोडून, पाठ जरा खाली घेतली तरी फरक पडतो, फडफडणारे सैल जॅकेट वेग खाते, आणि दुसऱ्याच्या मागे चालवल्याने हवेचा विरोध चांगलाच कमी होतो. मात्र नवख्याने अगदी चाकाला चाक लावून चालवू नये. पुढच्याने अचानक ब्रेक लावला की मागचाच पडतो. आधी ओळखीच्या, सरळ रेषेत चालवणाऱ्या माणसाच्या मागे एक-दोन सायकलींचे अंतर ठेवून सराव करावा, नजर त्याच्या चाकावर खिळवू नये आणि खांद्यावरून पुढचा रस्ता पाहत राहावे.

६. चढाचा वेगळा हिशोब करा

चढावर वेग पडतो, त्यामुळे हवेचा विरोध नगण्य होतो आणि सगळा खेळ वजन विरुद्ध शक्ती असा उरतो. वर धरलेल्या ८५ किलोला ५ टक्के चढावर ताशी १० किमीने जायला सुमारे १३५ वॅट लागतात. सपाटीवर २५ पेक्षा जास्त वेग देणारी शक्ती इथे १० देते, म्हणून चढावर ९ किंवा १० चा आकडा दिसला की घाबरण्याचे कारण नाही. सामानातले २ किलो कमी केले, तर अशा चढावर वेळ दोन टक्क्यांहून थोडा जास्त वाचतो. सपाटीवर तो फरक जाणवतही नाही.

नियोजनासाठी सोयीचे सूत्र असे. पायाभूत वेग ताशी २२ च्या आसपास असलेल्या आणि शेवटी निघाल्या उंचीवर परत येणाऱ्या सायकलस्वाराने एकूण चढाच्या प्रत्येक १०० मीटरमागे साडेचार मिनिटे जास्त धरावीत. यात उताराने परत मिळणारा वेळ आधीच वजा केलेला आहे. शेवट सुरुवातीपेक्षा बराच उंच असेल किंवा उतार इतका खराब असेल की ब्रेक दाबूनच उतरावे लागेल, तर हा आकडा ६ ते ७ मिनिटे धरा.

चढाच्या पायथ्याशी येण्याआधीच हलका गिअर टाका. चढ सुरू झाल्यावर, पॅडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला, तर चेन उतरण्याची भीती असते आणि लयही मोडते.

७. सायकल वेग अडवत नाही ना, ते पाहा

टायरमध्ये हवा कमी असेल, तर रस्ता सायकल धरून ठेवतो. फार जास्त असेल, तर खडबडीत रस्त्यावर सायकल उडत राहते आणि वेगही जातो. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत राहून आपल्या वजनाला आणि रस्त्याला साजेसा दाब शोधावा. खराब रस्त्यावर थोडे रुंद टायर हळू नसतात, बहुधा वेगवानच ठरतात. चेन स्वच्छ आणि तेल दिलेली असावी. चाक उचलून फिरवावे आणि ब्रेक घासतो का, ते ऐकावे. सीटची उंची अशी की पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ होईल. मग पंजाने पॅडल मारताना गुडघ्यात हलका बाक राहतो. पायांची गती मिनिटाला ७० ते ९० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवा. जड गिअरवर सावकाश रेटण्याने गुडघे लवकर कुरकुर करू लागतात.

नवी सायकल घेण्याआधी एवढे करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

८. जोर सुरुवातीपासून वाटून घ्या

लांब पल्ल्यात वेग शेवटी का पडतो, याचे उत्तर बहुतेक वेळा पहिल्या तासात सापडते. सकाळी पाय ताजे असतात, हवा थंड असते, सोबत चार जण असतात आणि पायाभूत वेगापेक्षा ताशी ३-४ किमी जास्त आपोआप निघतो. तेव्हा काहीच त्रास होत नाही, म्हणून तो वेग आपला वाटतो. पहिला एक तृतीयांश पल्ला पूर्ण वाक्यात बोलता येईल अशाच जोराने करावा, सोबतचे पुढे गेले तरी जाऊ द्यावेत.

शरीरातला कर्बोदकांचा साठा जोरकस चालवण्यात दीड-दोन तासांत संपत येतो. तो संपला की पाय अक्षरशः रिकामे होतात, डोके जड होते आणि ताशी २२ ने जाणारा माणूस १४ वर येतो. भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या पाऊण तासापासून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे थोडे थोडे खावे. पाणी तासाला साधारण अर्धा लिटर, उन्हात त्याहून जास्त, आणि घाम खूप येत असेल तर त्यासोबत मीठही. उन्हात त्याच जोराला हृदयाचे ठोके वाढत जातात. तेव्हा वेग कमी करणे हेच योग्य असते.

९. थांब्यांना मर्यादा घाला

१०० किमीत वेग ताशी २२ वरून २३ करायला मेहनत लागते आणि वाचतात १२ मिनिटे. तेवढीच १२ मिनिटे तीन थांबे प्रत्येकी ४ मिनिटांनी लहान केले तरी वाचतात आणि पायांवर काही भार पडत नाही. थांबण्याआधीच काय करायचे ते ठरवा: बाटल्या भरणे, खाणे, शौच, पुढच्या रस्त्यावर एक नजर. पाच-सहा छोट्या थांब्यांपेक्षा दोन-तीन ठरलेले थांबे बरे. पंक्चरसाठी २० मिनिटे आधीच राखून ठेवा.

१०. आता वेळापत्रक मांडा

पायाभूत वेग ताशी २२, अंतर १०० किमी, एकूण चढ ९०० मीटर, परतीचा रस्ता तोच, असे उदाहरण घेऊ.

- सपाटीच्या हिशोबाने: ४ तास ३३ मिनिटे
- चढासाठी ९ × ४.५: सुमारे ४० मिनिटे
- उत्तरार्धातला थकवा: १५ मिनिटे
- हलका वारा: १० मिनिटे
- थांबे: ५० मिनिटे

एकूण जवळजवळ साडेसहा तास, म्हणजे एकूण वेग ताशी १५.५ किमीच्या आत. सकाळी ६ ला निघालात तर साडेबारा. पायाभूत २२ चा आकडा पाहून घरी ‘साडेदहापर्यंत येतो’ असे सांगितले असते, तर दोन तास सगळे काळजीत राहिले असते.

याच हिशोबाने एखाद्या ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीचा, विचार करून पाहा. ब्रेव्हेच्या २०० किमीला १३ तास ३० मिनिटे, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास अशी मर्यादा असते आणि त्यात खाणे, पंक्चर, झोप सगळे धरलेले असते. ताशी १५ किमी ऐकायला सोपे वाटते, पण वरच्या उदाहरणातला सायकलस्वार तशाच २०० किमी रस्त्यावर १३ तासांच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या अगदी कडेला पोहोचतो. त्याने नाव नोंदवण्याआधी थांबे आटोक्यात आणावेत आणि १२०-१५० किमीच्या काही फेऱ्या कराव्यात.

११. परत आल्यावर नोंद करा

वहीत त्याच दिवशी लिहा: अंतर, एकूण चढ, चालण्याचा वेळ, एकूण वेळ, वाऱ्याची दिशा, काय आणि केव्हा खाल्ले, कोणत्या किमीपासून पाय जड झाले. शेजारी निघण्याआधी केलेला अंदाज लिहा आणि फरक कुठे पडला ते तुकड्यागणिक पाहा. चढावर प्रत्येक वेळी जास्त मिनिटे लागत असतील, तर साडेचारचा आकडा पाच करा. थांबे वाढत असतील, तर तिथे खरा आकडा घाला, हवासा वाटणारा नको. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक १०० किमीमागे पंधरा मिनिटांच्या आत येऊ लागला, की पल्ला एकदम दुप्पट न करता २०-२५ किमीने वाढवा आणि त्या नव्या पल्ल्यासाठी उत्तरार्धातल्या थकव्याची मिनिटे पुन्हा नव्याने मोजा.